तेलपाण्याचा रकाना

माझा धाकटा भाचा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत आईला भाऊबीजेसाठी माहेरी घेऊन आला तो नव्या गाडीतून. नवी म्हणजे त्याला नवी. गाडी जर्मन बनावटीची, दहा वर्षे वापरलेली. शोरूममधून निघाली तेव्हा तिची किंमत 45 लाखांच्या घरात होती. भाच्याला ती साडेतेरा लाखांत मिळाली. गल्लीतली पोरे भोवती जमली, शेजारच्या वकिलांनी चष्मा पुसून बॉनेटवरचे चिन्ह न्याहाळले. माझी बहीण ओवाळणीचे ताट हातात घेऊन उगाचच दोनदा अंगणात जाऊन आली. भाचा मला म्हणाला, "मामा, दहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं. महिना पावणेबावीस हजार हप्ता. नवी मधली गाडी घेतली असती तरी एवढाच बसला असता."

हे गणित बरोबर होते. अडतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हप्त्याच्या गणितात चूक काढायची खोड असते, पण मला ती काढता आली नाही. दुसऱ्या दिवशी देवीला जाताना पार्किंगची पावती ठेवायला मी पुढचा कप्पा उघडला तेव्हा त्यात एक घडी घातलेला कागद सापडला. ऑइल बदलल्याचे बिल होते. एकूण रक्कम 19,470 रुपये.

बिल वाचणे हा माझा जुना छंद आहे. कादंबरीइतका मजकूर कधीकधी बिलात असतो. या बिलात इंजिन ऑइल सात लिटर, दर 1,400 प्रमाणे 9,800 रुपये. फिल्टर 2,200. चेंबरच्या नटाचा वॉशर 140. मजुरी 3,600. 'इतर उपभोग्य वस्तू' या गूढ नावाखाली 760. आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. भाच्याच्या गाडीच्या पुस्तिकेत इंजिनाची क्षमता साडेसहा लिटर दिली आहे. सात डबे फोडले, साडेसहा लिटर आत गेले. उरलेला अर्धा लिटर कुठे गेला हे विचारायचे भाच्याला सुचले नाही, कारण त्या वेळी तो वातानुकूलित खोलीत बसून कंपनीने दिलेली कॉफी पीत होता. माझ्या छोट्या गाडीचे ऑइल मी उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडे बदलतो. तीन लिटर ऑइल, फिल्टर, मजुरी धरून सव्वादोन हजारांत काम होते आणि चहा मिस्त्रीच पाजतो.

या प्रकाराचे टोक पाहायचे तर बुगाटी व्हेरॉन या गाडीकडे पाहावे. 2005 ते 2015 या दहा वर्षांत अशा 450 गाड्या बनल्या. आठ लिटरचे इंजिन, सोळा सिलिंडर, चार टर्बो. हिचे ऑइल एकदा बदलायचे तर वीस ते पंचवीस हजार डॉलर लागतात, असे मोटारींची नियतकालिके वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. आपल्या हिशेबात किमान सतरा-अठरा लाख रुपये, म्हणजे भाच्याची अख्खी गाडी घेऊन वर दोन-चार लाख उरतील एवढे. खुद्द तेलाची किंमत त्यातला लहानसा भाग. पण जुने तेल बाहेर काढायला एक नट नाही, सोळा नट आहेत. आणि तिथपर्यंत पोचायला मागची चाके, त्यांच्या आतली अस्तरे, मागच्या अंगाचे पत्रे असे सगळे सोडवावे लागते. साध्या गाडीत मिस्त्री खाली सरकतो, पाना लावतो आणि घमेले पुढे ओढतो. इथे आधी निम्मी गाडी उतरवायची. ज्याने ही गाडी आखली त्याने ती ताशी चारशे किलोमीटर धावावी याचा विचार केला. तिचे तेल कोणी, कधी आणि कसे बदलायचे हा विचार त्याच्या टेबलावर शेवटी आला असावा. किंवा आलाच नसावा. ज्यांना ती विकायची होती ते हा प्रश्न विचारणारे नव्हते.

तरीही तेल महाग आहे म्हणून नुसती हेटाळणी करण्यात अर्थ नाही. इंजिनात फिरणारा धातू दुसऱ्या धातूला खरोखर टेकत नाही, मधे केसाहून पातळ असा तेलाचा पापुद्रा असतो, आणि सगळा खेळ त्या पापुद्र्यावर चाललेला असतो. टर्बोची चकती मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, तीही तेलावर तरंगत. इंधन जळते तेव्हा काजळी होते, आम्ले होतात, पाण्याची वाफ होते. हे सगळे तेलच पोटात घेते. काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, फेस होऊ न देणारी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात आणि तेल संपण्याच्या पुष्कळ आधी ती संपतात. म्हणून डबक्यात तेल भरपूर दिसते आणि तरी ते निकामी झालेले असते. आमच्यासारखे निवृत्त लोक गाडी महिन्यातून चारदा भाजीबाजारापर्यंत नेतात आणि 'फारशी चालतच नाही' म्हणून ऑइल बदलत नाहीत. इंजिन नीट तापत नाही, पाणी आणि कच्चे इंधन तेलातच राहते. अशा गाडीचे तेल लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते, अशी अट पुस्तिकेत असते ती याचसाठी.

हे ज्ञान मला मोटारीने दिलेले नाही. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर ऑइल इंजिन होते. मोटार गावात क्वचित दिसायची, पण ऑइल बदलणे काय असते हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक होते. वडील ठरावीक दिवसांनी बोटावर तेल घेऊन ते दोन बोटांत चोळून पाहत आणि 'पाणी झालं' म्हणत. मग चेंबर रिकामा करायचा. ते जळके ऑइल वाया जात नसे. गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून फासायचे, उरले ते बैलगाडीच्या आखाला. (आता वापरलेले ऑइल हा धोकादायक कचरा मानला जातो, आणि ते योग्यच आहे, त्या मेढींना हात लावून आम्ही भाकरी खाल्ली हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.) वंगणाशी आपले नाते त्याहूनही जुने. जगातले बहुतांश एरंडेल भारतात होते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिने एरंडेलावर चालत, आणि कॅस्ट्रॉल हे 1909 सालचे नाव एरंडीच्या इंग्रजी नावावरूनच पडले. आपल्या आज्या ज्या तेलाने नातवंडांची पोटे साफ करीत, त्यावर साहेबाची इंजिने फिरत होती.

मग साडेसहा लिटर तेलाला हजारो रुपये का पडतात? एक कारण रास्त आहे. या इंजिनांना साधे तेल चालत नाही. डब्यावर 0डब्ल्यू-40 किंवा 5डब्ल्यू-30 असे लिहिलेले असते. त्यातले डब्ल्यू हे हिवाळ्याचे अक्षर. थंडीत तेल किती लवकर वाहू लागते ते त्याच्यामागचा आकडा सांगतो. पण एवढ्याने भागत नाही. प्रत्येक जर्मन कंपनीची आपापली मान्यता असते, मर्सिडीजची 229.51, फोक्सवॅगनची 504 आणि 507, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ-04 अशी. डिझेल गाड्यांच्या धुरातली काजळी अडवणारी जी गाळणी असते ती राखेने तुंबू नये म्हणून कमी राख होणारे तेल हवे असते. चुकीचे तेल घातले तर इंजिन त्या दिवशी काही बोलत नाही. दोन वर्षांनी बोलते.

दुसरे कारण शब्दाचे आहे. 'सिंथेटिक' या शब्दाला डब्यावर मोठी किंमत मिळते. मूळ अर्थाने हे रसायनशाळेत रेणू जोडून घडवलेले तेल. पण खनिज तेलच खूप शुद्ध करून, त्याचे रेणू बदलून केलेल्या तेलाला सिंथेटिक म्हणावे की नाही यावर अमेरिकेत दोन बड्या तेलकंपन्यांत तंटा झाला आणि 1999 मध्ये तिथल्या जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने 'म्हणायला हरकत नाही' असा कौल दिला. ते तेल वाईट असते असे नव्हे. बहुतेक गाड्यांना ते उत्तम चालते. पण तेव्हापासून त्या एका शब्दावरून डब्यात नेमके काय आहे ते गिऱ्हाइकाला कळत नाही. मान्यतेचा आकडा मात्र खोटा नसेल तर खरी माहिती देतो. तोच आकडा असलेले तेल बाहेर निम्म्या-पाऊण किमतीत मिळते. फक्त डब्यावर गाडीच्या कंपनीचे चिन्ह नसते. तेलाच्या विहिरी काही मोटारकंपन्यांच्या मालकीच्या नाहीत. तेही दुसऱ्याकडूनच भरून घेतात.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याला मी कुलूप म्हणेन. आमच्या मिस्त्रीला भाच्याची गाडी दाखवली. तीस वर्षे त्याने इंजिने उघडली आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याच्या हाताला काळे लागले नाही असा माणूस विरळा. त्याने बॉनेट उघडले, आत पाहिले आणि म्हणाला, "साहेब, ह्यात बघायचं काय? पलास्टिकचं झाकान हाय नुसतं." मग त्याने गेजपट्टी शोधली. गेजपट्टी नव्हतीच. तेल किती आहे हे पडद्यावर दिसते, आणि बदलल्यावर तसे गाडीला सांगावे लागते, नाहीतर ती 'सर्व्हिस बाकी' असा तगादा लावते. सांगायचे यंत्र कंपनीकडे. मिस्त्री काम करू शकत नाही असे नाही. काही यंत्रे बाजारात मिळतात, ती घेणारे तरुण फिटर पुण्या-मुंबईत आहेत आणि त्यांचा धंदा चांगला चालतो. पण ज्ञानावरच झाकण घालायचे हा विचार त्या प्लास्टिकमागे आहे. याची एक गमतीची बाजूही आहे. नव्वदच्या दशकात जेमतेम शंभरावर बनलेल्या मॅकलारेन एफ-1 या गाडीची दुरुस्ती करायला त्याच काळातला कॉम्पॅक कंपनीचा एक विशिष्ट संगणक लागे. लाखो डॉलरची गाडी जिवंत ठेवण्यासाठी कारखान्याचे लोक मोडीतल्या किमतीचे जुने लॅपटॉप जपून ठेवीत होते, हे 2016 मध्ये जगाला कळले.

या कुलपाविरुद्ध आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही, आणि ते फारसे कुणाला ठाऊक नाही म्हणून सांगतो. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटारकंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्यांत साध्या गाड्यांच्या कंपन्या होत्या तशा मर्सिडीज, बीएमडब्ल्यूही होत्या. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्यायची नाहीत आणि मग आपल्या दुकानात भाव लावायचा, हा आक्षेप होता. आयोगाने असेही बजावले, की बाहेर काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी. पुढे अपिले झाली. 2016 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत निष्कर्ष कायम ठेवला आणि दंड कमी केला. अमेरिकेत वॉरंटीपुरता असा कायदा 1975 पासून आहे. आपल्या ग्राहक मंत्रालयाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत मोटारी आहेत आणि शेतीची अवजारेही आहेत. ही जोडी मला फार आवडली, कारण मोटार आणि ट्रॅक्टर यांना एका टेबलावर मी आयुष्यभर पाहिले, आणि बँकेने त्यांना कधी एका मापाने मोजले नाही.

ट्रॅक्टरचे कर्ज मागायला शेतकरी आला की आमच्याकडे एक मोठा तक्ता असे. जमीन किती, त्यातली बागायत किती, पिके कोणती. ट्रॅक्टर वर्षाला अंदाजे हजार तास चालेल असे धरून पुढचे रकाने भरायचे. डिझेल किती, वंगणतेल किती, ड्रायव्हरचा पगार, टायर, दुरुस्ती. एवढे सगळे वजा करून जे उरेल त्यात हप्ता बसतो का ते पाहायचे. अडीचशे तासांनी ऑइल बदलायचे म्हणजे वर्षात चारदा, हे मी स्वतः शेतकऱ्यांना विचारून लिहिलेले आहे. मोटारीच्या कर्जाच्या अर्जात असा रकाना नव्हता. पगाराची स्लिप, नाहीतर तीन वर्षांची विवरणपत्रे, पुढे पुढे सिबिलचा आकडा, आणि हप्ता. गाडी जितकी महाग तितके प्रश्न कमी. खुर्ची पुढे सरकवली जाई, शिपाई न सांगता चहा आणी.

2010 च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका दिवसात दीडशे मर्सिडीज गाड्या विकल्या गेल्या. 65 कोटींचा व्यवहार होता, देशभर बातमी झाली. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका मोठ्या बँकेने त्यासाठी दिलेल्या कर्जाचा दर सात टक्क्यांच्या आसपास असल्याचे छापून आले, आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर त्याच्याहून कितीतरी चढा असल्याची चर्चा वृत्तपत्रांत रंगली. चर्चा रास्तच होती. मी मात्र बातमी वाचताना दुसरेच मोजत बसलो. दीडशे गाड्या, प्रत्येकी साडेसहा-सात लिटर, वर्षातून निदान एकदा. कोणाच्या तरी अर्जावर हे लिहिलेले असेल का? नसणार. कारण त्याच्या तीन वर्षे आधी मीही लिहिलेले नव्हते.

2007 मध्ये मी यंत्रमागांच्या एका गावात शाखाधिकारी होतो. सायझिंगचा कारखाना असलेले एक गृहस्थ जुनी आलिशान गाडी घ्यायला नऊ लाख मागायला आले. सरळ माणूस. "मुंबईचा व्यापारी आधी गाडी बघतो साहेब, मग सूत उधार देतो," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कागद चोख होते, मी सही केली. पुढच्या वर्षी मंदी आली. त्यांनी हप्ता एकदाही चुकवला नाही, कारण चुकला तर गावात कळते. कपात केली ती जिथे कोणाला कळत नाही तिथे. ऑइल बदलायला नेले की पंधरा-वीस हजारांचे बिल होई. त्यांनी नेणेच सोडले. माझ्या लेजरमध्ये ते खाते शेवटपर्यंत निर्मळ होते आणि त्याच वेळी त्या गाडीच्या चेंबरमध्ये तेलाचा डांबरासारखा चिखल होत होता. जवळपास 34,000 किलोमीटर तेच तेल. कऱ्हाडच्या अलीकडे महामार्गावर आधी टर्बो गेला, मग इंजिन जाम झाले. दुरुस्तीचा अंदाज सहा लाखांहून जास्त निघाला. कर्ज त्या वेळी साडेचार लाख बाकी होते.

ते शाखेत आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "साहेब, जी गाडी जागची हलत नाही तिचा हप्ता मी कशाचा भरू?" मी नियमाचे उत्तर दिले. नियमाला दुसरे उत्तर नसते. पुढे जप्ती झाली, पण जप्त करायची गाडी चालत नव्हती म्हणून ती ओढून आणायचा खर्चही त्यांच्याच खात्यावर टाकला. लिलावात एक लाख साठ हजार आले. बाकीच्या रकमेसाठी दावा लागला. त्याच्या पाठोपाठ मुंबईच्या व्यापाऱ्याने सूत थांबवले, कारण आधी तो गाडी बघत असे आणि आता गाडी नव्हती. कारखान्यात बावीस माणसे होती. मंदीने ते बुडाले असे गावात म्हणतात आणि ते बरेचसे खरेही आहे. पण सहीच्या दिवशी मी त्यांना ट्रॅक्टरवाल्यासारखे, "वर्षाचं तेलपाणी किती येईल?" एवढे विचारले असते, तर ते कदाचित थांबले असते. ते हिशेबी होते. त्यांना तो आकडा कोणी दाखवलाच नव्हता. विकणारा दाखवणार नाही, त्याचा धंदा आहे. माझे काम ते होते.

जुनी महाग गाडी म्हणजे किमतीने उतरलेली आणि खर्चाने न उतरलेली वस्तू. 45 लाखांची गाडी साडेतेरा लाखांत येते, पण तिचा फिल्टर 45 लाखांच्या गाडीचाच राहतो. तिचे टायर, ब्रेक, विम्याखाली बसणारे काचेचे दिवे, सगळे जुन्याच इतमामात. आपल्याकडे नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे मोती स्वस्तात मिळतो म्हणून घेतला जातो आणि वजन नंतर कळते.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी भाच्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. ट्रॅक्टरचा जुना तक्ता मला अजून पाठ आहे. पिकांचे रकाने गाळून बाकीचे आखले. ऑइल आणि फिल्टर, वर्षाला साडेएकोणीस हजार. चार टायर तीन वर्षांनी बदलायचे धरून वर्षाचे पावणेएकोणीस. ब्रेक वीस. विमा बत्तीस. मोडतोड काहीच धरली नाही, दिवाळीचे दिवस. बेरीज नव्वद हजारांवर गेली, महिन्याला साडेसात. मान्यतेचा आकडा पाहून तेल बाहेरून आणलेस आणि यंत्र असलेल्या एखाद्या चांगल्या फिटरकडून बदललेस तर पहिल्या रकान्यातले सहा-सात हजार वाचतील, पण किलोमीटर मात्र लांबवायचे नाहीत, हेही मी खाली लिहिले. गाडी विक असे म्हणालो नाही. त्याला ती परवडते. फक्त किती पडते ते त्याला ठाऊक नव्हते.

त्याने हप्ता मिळवून पाहिला. "म्हणजे सव्वाएकोणतीस हजार. पेट्रोल सोडून."

"पेट्रोल सोडून," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, "दादा, आजच्या दिवस तरी बँक बंद ठेव की." भाचा हसला, कागदाची घडी घातली आणि अंगणात जाऊन गाडीच्या पुढच्या कप्प्यात, त्या बिलाशेजारी ठेवून आला.